ड्रायव्हरबाईंस

४ मार्च

ड्रायव्हरबाईंस दुकानात बसलेल्या माणसाचा नमस्कार.

घरात फोन असताना हा माणूस कागद का नासतोय, म्हणशील. तर ऐक. मी फोन करतो तेव्हा तू चाकावर असतेस, फोन समोरच्या खाचेत अडकवलेला असतो आणि माझा आवाज सगळ्या केबिनभर घुमतो. परवा मी विचारलं, जेवलीस का, तर उत्तर तुझ्या जोडीच्या ड्रायव्हरनं, त्या उस्तादनं दिलं. ‘ताई जेवल्या, पोटभर जेवल्या.’ आणि मग तुम्ही दोघं हसलात. नवऱ्यानं बायकोला विचारायचं आणि उत्तर तिसऱ्यानं द्यायचं, ही कुठली रीत? कंपनीच्या गेटवर पाकीट दिलं की तुमच्या मार्गावरची पुढची गाडी ते मुक्कामाला पोहोचवते, असं तिथला माणूस म्हणाला. पत्र तरी एकटीनं वाच.

इकडे सगळं ठीक. शाळेचे गणवेश आलेत, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. काजं आता मीच करतो. तू इतकी वर्षं त्या मशीनवर बसायचीस तेव्हा मला वाटायचं, त्यात काय आहे, भोक पाडायचं आणि कडेनं दोरा फिरवायचा. काल एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं काज एवढं मोठं झालं, की शेजारचा घड्याळवाला म्हणाला, यातून माझं भिंतीवरचं घड्याळ आरपार जाईल. गिऱ्हाईक हसलं नाही.

तू जेवताना सांगितलंस तो दिवस आठवतो. परवान्याची चाचणी पुन्हा देणार, ट्रक पुन्हा चालवणार. मी भाजी वाढून घेतली. तुला वाटलं, यांची हरकत नाही. हरकत नव्हतीच. मला खात्री होती, तू नापास होशील. लग्नाआधी वडिलांबरोबर चालवलास, लग्नानंतर काही वर्षं एकटीनं चालवलास, हे खरं. पण लेक झाली, माझी आई अंथरुणाला खिळली आणि तू खाली उतरलीस ती उतरलीसच. त्यालाही बावीस वर्षं झाली. पन्नाशी उलटलेल्या बाईला एवढं धूड कोण चालवायला देणार, असा माझा हिशेब.

चाचणीहून आलीस तेव्हा चपला न काढता दारातच सांगायला लागलीस. डावा पाय सारखा क्लच शोधत होता आणि आताच्या गाड्यांना क्लचच नाही. सांगता सांगता एवढी हसलीस की भिंतीला टेकावं लागलं. मी विचारलं, पास की नापास? तुझं हसू तिथंच थांबलं. पास, म्हणालीस आणि हात धुवायला गेलीस.

लेकीचा फोन होता. म्हणाली, बाबा, तुम्हाला आईचा अभिमान वाटायला पाहिजे. वाटतोच. त्याच्याबरोबर बाकीचंही वाटतं, त्याला काय करू?

एक सहज विचारतो. उस्तादचं वय काय असेल? केस काळे आहेत म्हणतात. की कलप लावतो?

तुझा,
काजवाला

*

१९ मार्च

अगं,

तुझी चिठ्ठी मिळाली. उस्ताद साठीला आलाय, कलप लावत नाही, बायको जाऊन सहा वर्षं झाली. ही शेवटची माहिती मी विचारली नव्हती. तू आपणहून दिलीस.

तुझ्या चिठ्ठीतलं एक वाक्य सोडून बाकीचं सगळं मी एकदाच वाचलं. ‘गाडीत मला फार गाढ झोप लागते.’ हे एक मात्र वाचत राहिलो. घरात तू पानाच्या सळसळीनं जागी होतेस. मी कूस बदलली तरी विचारतेस, काय झालं. आणि तिथं, एवढ्या घरघरीत, खड्ड्यांवरून आदळत जाताना तुला गाढ झोप!

आता हसू नकोस. मागच्या रस्त्यावर ट्रकांचा तळ आहे ना, तिथं मी गेलो. तुमच्यासारखीच एक गाडी उभी होती. ड्रायव्हर चाक तपासत होता. मी त्याला म्हटलं, आतला बिछाना बघू का. त्यानं माझ्या गळ्यातली टेप बघितली आणि म्हणाला, ‘पडद्याचं माप घ्यायला आलात का?’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वर चढताना गुडघा कडकडला. तू ती उंच पायरी दिवसातून किती वेळा चढतेस, कोण जाणे.

बिछाना मापला. बाकासारखा अरुंद आहे. तुझ्या खांद्यांचं माप मला पाठ आहे. तू उताणी झोपलीस की शेजारी उशीसुद्धा मावणार नाही. मी खाली उतरलो तो हवेत तरंगतच. त्या ड्रायव्हरशी गप्पा मारल्या, त्याला चहा पाजला. तेव्हा त्यानं समजावलं, की लांबच्या गाडीवर दोघं असतात ते याचसाठी. एकानं चालवायचं, एकानं झोपायचं. दोघं एका वेळी आडवे व्हायचा प्रश्नच येत नाही.

चहा संपेपर्यंत मला बरं वाटत होतं. मग परत येताना वाटेत लक्षात आलं. म्हणजे तू झोपतेस तेव्हा तुझा जीव त्याच्या हातात असतो. आणि तरी तू गाढ झोपतेस. माझ्या घरात, माझ्या शेजारी, कडी लावलेल्या दाराआड तुला जे जमलं नाही, ते तुला त्या माणसाच्या भरवशावर जमतं. बिछान्यात दोघं मावले असते तर मला भांडता तरी आलं असतं. याच्याशी कसं भांडू?

तो तुला ताई म्हणतो, हे ठाऊक आहे मला. म्हणू दे. ताई म्हणायला काय लागतं?

त्या ड्रायव्हरचा पडदा शिवायला घेतलाय. बोललो तर शिवावा लागणारच.

*

२ एप्रिल

अगं,

तुझा चष्मा घरी राहिला होता, तो गेटवरच्या माणसाकडे दिला. मिळाला असेल. आत येऊन भेटलो असतो, पण दुकान उघडं टाकून आलो होतो.

दोन दिवस घरी होतीस, पण खरं सांगू का, पाहुणी आल्यासारखं वाटलं. कपाटात कप कुठं ठेवतात ते तू मला विचारलंस. मी फक्त एक फळी बदलली होती. लेक आली, जावई आला, आणि तू सांगत होतीस. घाटातल्या उताराला गाडी कशी आपोआप दम धरते. समोरच्या काचेवर पाऊस आडवा कसा येतो. एवढं मोठं चाक आता बोटानं फिरतं आणि तरी खांदे का भरून येतात. जावई तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी उठून इस्त्री लावली. तू म्हणालीस, अहो, बसा की. मी म्हटलं, लोकांचे कपडे द्यायचेत. लोकांचे कपडे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते.

मग तू दुकानात आलीस, माझी काजं उलटसुलट करून पाहिलीस. मला वाटलं, आता बसेल मशीनवर. तू म्हणालीस, बरी जमायला लागलीत की. आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिलीस.

खरं लिहितो. चष्मा द्यायला आलो तेव्हा तुम्ही दोघं दिसलात. गाडी गेटसमोरच होती. उस्ताद बाहेर उभा राहून तुझा आरसा पुसत होता. तू वरून बोटानं दाखवत होतीस, अजून थोडा, अजून थोडा. त्यानं मुद्दाम आरसा भलतीकडे वळवला आणि तू खिडकीतून वाकून त्याच्या टोपीवर टपली मारलीस.

एवढंच. टोपीवर टपली. यात काही नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या लग्नाला तीस वर्षं होतील आणि तू माझ्या टोपीवर कधी टपली मारल्याचं आठवत नाही. मी टोपी घालत नाही, हा भाग वेगळा.

*

११ एप्रिल

अगं,

काल लेकीकडून कळलं. तुला चाकावरून उतरवलं, गाडी तिथंच उभी केली आणि डॉक्टरकडे पाठवलं. तपासणीचा निकाल येईपर्यंत मुक्कामाच्या खोलीत बसून राहायचं. वाईट वाटलं.

तू लेकीला म्हणालीस, तुला घेरी येते असं कोणीतरी ऑफिसात कळवलंय. कोण असेल? मी नाव घेणार नाही. पण केबिनमध्ये माणसं दोनच. तुझ्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघणारा एकच. तुझी तीन महिन्यांची उमेदवारी संपत आली, पुढं कायम करायचं की नाही ते आता ठरणार, तेव्हा एखाद्याला वाटू शकतं, की जोडीला तरणाताठा माणूस मिळाला तर बरं. मी म्हणत नाही की असंच झालं. गोड बोलणाऱ्या माणसांचा अनुभव दुकानात बसून आम्हालाही येतो, इतकंच.

तू त्याच्याशी बोलणं टाकलंस, असंही लेक म्हणाली. ते तुझं तू बघ. मी मधे पडत नाही.

घर आहेच. तुझी खुर्ची मशीनसमोर आहे तशीच आहे. परवाच तेलपाणीही करून ठेवलं.

*

२२ एप्रिल

तर कंपनीच्या साहेबांनी तुला सांगितलं.

हो. मीच. तुझा चष्मा देऊन आलो त्याच आठवड्यात दुकानात फोन आला. साहेब म्हणाले, बाईंना कायम करायचा विचार आहे, वय जास्त आहे म्हणून घरी विचारतो, तब्येतीची काही तक्रार? मी कापड कापत होतो. मला एवढंच सांगायचं होतं, की तब्येत ठणठणीत आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘तशी कधीमधी घेरी येते.’ म्हटलं ते अगदी खोटं नाही. लेकीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा आली होती तुला. मी काही हवेतून काढलं नाही.

तू फोनवर ओरडली असतीस तर बरं झालं असतं.  तू एवढंच म्हणालीस, ‘मी त्या माणसाला काय काय बोलले, तुम्हाला माहीत आहे?’

माहीत आहे. तेही आता सांगतो, कारण उद्या उस्ताद तुला सांगेलच. तो दुकानात आला होता. मागच्या शुक्रवारी, भर दुपारी. मी त्याला लगेच ओळखलं. तो दारात टोपी काढून उभा राहिला. जवळून बघितला तर तुझ्या चिठ्ठीतल्यापेक्षा म्हातारा दिसतो. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी म्हटलं, पँट शिवायची का? तोही बावचळून हो म्हणाला. मी टेप काढली.

मी खाली बसून त्याच्या पायाची उंची घेत होतो तेव्हा तो वरून बोलत होता. म्हणाला, ‘भाऊ, ताई माझ्याशी बोलत नाहीत. मी चुगली केली असं त्यांना वाटतंय. त्यांच्या वडिलांनी मला गाडी शिकवली, मी असं करीन का? तुम्ही एकदा सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.’

माझे दोन्ही हात एव्हाना त्याच्या कमरेभोवती होते. मी म्हटलं, सांगतो.

आणि सांगितलं नाही. तो गेल्यावर मी कापड पसरलं, खडूनं आखलं. पँटीचं आसन दोन बोटं कमी धरलं. बारा तास बसून गाडी चालवणाऱ्या माणसाला ते काय करतं, तुला कळेल. शिवूनही टाकली. मग तुझा फोन आला. त्यानंतर उसवली. पुन्हा नीट शिवली, आणि दुहेरी शिवण घातली. हे तू माझ्या बाजूनं धरावंस म्हणून लिहीत नाही. झालं ते लिहितोय.

पण तूही एक समजून घे. तू गेलीस तेव्हा मला विचारलं नाहीस. सांगितलंस.

*

५ मे

अगं,

मी साहेबांना भेटून आलो. बाकावर बसवून ठेवलं मला. मग आत बोलावलं. मी सगळं सांगितलं, घेरीबिरी काही नाही, मी बोललो ते चुकीचं बोललो. साहेबांनी कागदावरून नजरसुद्धा काढली नाही. म्हणाले, डॉक्टरांनी त्यांना परवाच मोकळं केलंय, गाडीवर गेल्याही. म्हणजे माझ्या बोलण्यानं तुला उतरवलं, पण चढवायला माझी गरज पडली नाही.

बाहेर गेटवरच्या माणसानं सांगितलं, उस्तादनं दुसरी गाडी मागून घेतली. रागावून नाही म्हणे. म्हणाला, ज्याच्यावर एकदा संशय आला त्याच्या भरवशावर ताई आता झोपायच्या नाहीत, आणि न झोपता गाडी चालवू नये. शहाणा माणूस आहे. मला त्याचाही हेवा वाटला. त्या गेटवर उभं राहून, सगळं माझ्यामुळे झालेलं असताना, मला वाटलं, हे असं बोलायला आपल्याला का सुचत नाही.

त्याची पँट तिथंच ठेवून आलो.

तर मला हवं होतं ते झालं. तुझ्याबरोबर आता तो नाही. कोणी नवी मुलगी दिली आहे, ती आपल्या पाळीला झोपते आणि तू तुझ्या पाळीलाही टक्क जागी असतेस, असं लेक सांगते. मला आनंद व्हायला हवा. दोन दिवस वाट पाहिली. झाला नाही.

आता तुझा प्रश्न. शेवटच्या फोनमध्ये तू विचारलंस, ‘मी तुम्हाला घरी हवी आहे, की मला तिथं बरं वाटतंय हे तुम्हाला नकोय? दोन्हींतलं एक सांगा.’ आणि म्हणालीस, ‘उत्तर मिळेपर्यंत सुट्टीत मी माझ्या बहिणीकडे उतरीन.’

मी पहिलं म्हणणार होतो. जिभेवर होतं. घर सुनं आहे, जेवण गोड लागत नाही, असं बरंच काही लिहून झालं होतं. ते फाडलं. जेवण चांगलं लागतं मला. मी बरं करायला लागलोय.

दुसरं. दुसरं खरं आहे. तू दारात भिंतीला टेकून हसलीस, ते मला नकोय. म्हणजे हवंय, पण ते माझ्यामुळे आलेलं नाही म्हणून सलतं. मी तुला काही त्रास दिला नाही, कधी आवाज चढवला नाही, मशीनवर तू आपणहून बसलीस, हे सगळं खरं. त्या सगळ्या काळात मला वाटायचं, ही बाई मुळातच शांत आहे. कमी हसणारी, कमी बोलणारी. माझ्यासारखीच. मी त्यावर खूश होतो. आणि आता कळतंय, की तू तशी नव्हतीसच. मला उस्तादचा राग नाही. तुझ्यातली ही दुसरी बाई सगळ्यांना भेटली, त्याला भेटली, जावयाला भेटली, क्लच नसलेल्या त्या गाडीला भेटली. मला मात्र दारातून जाताना दिसली आणि मी तिला विचारलं, पास की नापास.

हे उत्तर. यावर काय करायचं ते तू ठरव.

*

२७ मे

बसथांब्यावर बसून लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

‘रविवारी नदीपलीकडच्या गोदामात माल उतरवणार आहे, यायचं तर या’ असं तू म्हणालीस, एवढंच. मी दोन बस बदलून आलो. तू मला आत बसवलं नाहीस, कंपनीचा नियम, ठीक आहे. नव्या मुलीच्या हाती पाण्याची बाटली पाठवलीस आणि भिंतीकडेला उभं राहायला सांगितलंस.

माझी तयारी काय होती सांगू? मी बसमध्ये वाक्यं जुळवत आलो होतो. एकही वापरता आलं नाही. कारण तू गाडी मागं घ्यायला लागलीस.

ते गोदामाचं दार मी आधी येऊन बघितलं होतं. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला लोखंडी जिना. मी माप घेणारा माणूस आहे. मला वाटलं, ही इथं जात नाही. तीन हमाल खालून ओरडत होते, डावीकडे, उजवीकडे, थांबा, या या. प्रत्येकाचं वेगळं. तू कोणाकडेच बघत नव्हतीस. समोर तो कॅमेऱ्याचा पडदा लागला होता, त्याच्याकडेही नाही. एकदा या आरशात, एकदा त्या आरशात. तोंड शांत. पण हे शांत निराळं. घरात तू गप्प असायचीस तेव्हा असा चेहरा नसायचा.

गाडीचं मागचं टोक आधी भलतीकडेच गेलं.  मग तू चाक फिरवलंस, आणि ते सबंध लांबडं अंग हळूहळू, कुठेही न थबकता, वळत वळत दाराच्या समोर येऊन उभं राहिलं आणि माल उतरवायच्या फळीला टेकलं. आवाजसुद्धा झाला नाही. एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, या बाईचा हात बघ. आणि मला झोंबलं. आत्ताही लिहिताना झोंबतंय. तो तुला दर आठवड्याला बघतो.

तू खाली उतरलीस, हातमोजे काढत सरळ माझ्याकडे आलीस. मला वाटलं, आता हिशेब होणार. उस्तादचा, घेरीचा, सगळ्याचा. तू विचारलंस, ‘बघितलंत?’

मी म्हटलं, ‘बघितलं.’

‘काय बघितलंत?’

आता इथं मी नेहमीचं काहीतरी म्हणालो असतो. छान, किंवा जमलं की. पण तू वाट बघत होतीस. म्हणून मी जे दिसलं ते सांगितलं. की तू एकदाच चाक पूर्ण फिरवलंस आणि ते सरळ करायला जिन्याच्या दुसऱ्या पायरीशी आलीस तेव्हा सुरुवात केलीस. आणि खांब आला तेव्हा बघितलंही नाहीस, कारण तो तू आधीच मनात धरला होतास. बरोबर?

 हमालांनी मागचं दार उघडायला घेतलं होतं. तू त्यांना हात केलास, थांबा. हातमोजे पुन्हा चढवलेस. मला म्हणालीस, ‘खांबाच्या बाजूनं उभे राहा, तिथून नीट दिसतं,’ आणि वर चढलीस. लागलेली गाडी तू दारापासून काढलीस, पार फाटकापर्यंत पुढं नेलीस, आणि पुन्हा मागं घ्यायला लागलीस. हमाल डोक्याला हात लावून बघत होते. त्यातला एक मला म्हणाला, बाईंना काय झालं, लागली होती की चांगली.

मी त्याला म्हटलं, गप्प उभा राहा.

दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा अलगद लागली, असं मला वाटलं. तुला काय वाटलं, कळव.